बंदर सोडण्यापूर्वी

आमचे धारगळ हे समुद्रकाठचे गाव नव्हे. कोलवाळचा पूल ओलांडून पेडणे महालात शिरले की हे गाव लागते. शापोरा नदी जवळून वाहते, परंतु दर्या पाहावयाचा तर तिच्या मुखापर्यंत जावे लागते. आता गावाच्या माथ्यावरून मोपाची विमाने उडतात आणि हमरस्त्यावरील रहदारी रात्रीही विसावत नाही. तरीही ज्यांनी उभे आयुष्य पाण्यावर काढले अशी माणसे येथे अधूनमधून भेटतात. त्यांपैकी एक गृहस्थ आमच्या वाड्यावर राहतात. त्यांना लहानथोर सगळे मामा म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणतो. मामांची तीसएक वर्षे मालवाहू जहाजांच्या इंजिनखोलीत गेली. आरंभी तेलवाला म्हणून, पुढे फिटर म्हणून. निवृत्त होऊन त्यांना बराच काळ लोटला. परंतु दरवर्षी जुलै सरत आला की हा मनुष्य घरात ठरत नाही. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यंत्रनौकांना मासेमारीची बंदी असते. बंदी उठावयाच्या आठवडाभर आधी ते शापोऱ्याच्या जेटीवर जातात आणि आपल्या भाच्याच्या ट्रॉलरचे इंजिन डोळ्यांखालून घालतात. गेल्या पावसाळ्यात आम्हीही त्यांच्यासोबत गेलो होतो.

वकिलाला जेटीवर काय काम, असे मामांनी विचारले नाही. आमचे कारण पुढे येईलच. तूर्त एवढेच सांगतो की एक प्रश्न आम्हाला काही वर्षे छळत आला आहे आणि कायद्याच्या पुस्तकांत त्याचे जे उत्तर मिळते त्याने आमचे समाधान होत नाही. प्रश्न असा: जे पाहावयास हवे होते ते मनुष्याने पाहिले नाही, पाहिले नाही म्हणून त्याला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नव्हते म्हणून तो निर्दोष. या साखळीतील प्रत्येक कडी वेगळी घेतली तर ती पक्की वाटते. मग सबंध साखळी हातात धरली की ती खोटी का वाटावी?

या प्रश्नाचा इंजिनाशी संबंध काय, हे कळण्यासाठी इंजिनाविषयी थोडे बोलणे भाग आहे. डिझेल इंजिन म्हणजे बंद भांड्यात पेटविलेला अग्नी. लहान नौकांच्या इंजिनांत जळणाच्या उष्णतेचा सुमारे तिसरा हिस्साच पंखा फिरविण्याच्या कामी येतो. तेवढाच मोठा हिस्सा धुरासंगे निघून जातो, आणि उरलेली उष्णता यंत्राच्या धातूत शिरते. ती तेथून क्षणोक्षणी काढून घेतली नाही तर आधी तेल पातळ होते, मग पिस्टन फुगून सिलिंडरात घट्ट बसतो आणि इंजिन जागच्या जागी मरते. समुद्रात पाण्याला काय तोटा, असे कोणालाही वाटेल. आम्हालाही वाटले होते. परंतु खारे पाणी लोखंडाला खाते. शिवाय ते पंचावन्न-साठ अंशांच्या वर तापले की त्यातील क्षार बाहेर पडून नळ्यांच्या अंगावर पुटे चढवितात. म्हणून इंजिनाच्या पोटात गोडे पाणी फिरवावयाचे आणि त्या गोड्या पाण्याला खाऱ्या पाण्याने थंड करावयाचे, अशी दुहेरी योजना करावी लागते. नौकेच्या तळातील व्हॉल्व्हमधून खारे पाणी आत येते, जाळीतून गाळले जाते, पंपाने ढकलले जाते, एका लांबट नळकांड्यातील बारीक नळ्यांच्या जुडग्यातून जाते आणि धुराच्या वाटेने बाहेर पडते. त्या नळ्यांच्या बाहेरून इंजिनाचे गोडे पाणी वाहत असते. दोन्ही पाणी एकमेकांस कधी भेटत नाहीत; पातळ भिंतीतून एकाचा ताप तेवढा दुसऱ्याला मिळतो. काही नौकांत हे गोडे पाणी तळाबाहेरच्या नळ्यांतूनच फिरवून आणतात, परंतु मामांच्या भाच्याची नौका त्या जातीची नव्हती.

सांगावयाची गोष्ट ही, की या सर्व व्यवस्थेत डोळ्यांना दिसण्यासारखे जवळजवळ काही नाही. नौकेचा रंग दिसतो, जाळी दिसतात, दिवे दिसतात. पाण्याची वाट मात्र तळाशी सुरू होते आणि लोखंडाच्या पोटातून जाते. दोन महिने नौका खाडीत उभी राहिली की तिच्या तोंडाशी चिखल बसतो, आतल्या बाजूने बारीक शिंपले आणि कालवे धरतात, पंपातील रबर एकाच बाजूला दबून कडक होते. तरीही इंजिन सुरू होते. जेटीला बांधलेल्या नौकेचे इंजिन पंधरा मिनिटे चालवून पाहिले तर ते उत्तम चालते, काटा जागेवर राहतो, पाणी बाहेर पडते. बिघाड असतो तो भाराखाली आणि काळाने प्रकट होणारा. तिसऱ्या दिवशी, पूर्ण गतीत, किनारा दिसेनासा झाल्यावर.

मामांनी पोहोचताच इंजिन सुरू करावयास मनाई केली. प्रथम व्हॉल्व्हचा दांडा उघडझाप करून पाहिला. तो अडखळत होता. नौका पाण्यात असताना त्याला हात लावता येत नाही, तेव्हा ती ओढून वर घ्यावी लागेल, असे त्यांनी सांगताच भाच्याचा चेहरा उतरला. मग त्यांनी एकेक होज हाताने दाबून पाहिली. कोठे ती भाजलेल्या पापडासारखी कडक झाली आहे आणि कोठे फुगून मऊ पडली आहे, हे त्यांना बोटांनी कळते. तळाजवळच्या होजांना प्रत्येक टोकास दोन क्लिपा आहेत की नाहीत ते पाहिले. एके ठिकाणी एकच होती. टाकीचे झाकण काढून आतील पाणी हातावर घेतले, त्याचा रंग पाहिला, वासही घेतला. गंजाची लाली किंवा तेलाची साय दिसली तर कोठे काय फुटले आहे याचा तो पहिला निरोप असतो म्हणे. नंतर त्यांनी जस्ताची कांडी बाहेर काढली.

या कांडीविषयी थोडे विषयांतर केले तर वाचक क्षमा करतील. खाऱ्या पाण्यात दोन भिन्न धातू एकत्र आले की त्यांतील हळवा धातू झिजू लागतो. म्हणून तांब्या-पितळेच्या नळ्यांजवळ मुद्दाम जस्ताची कांडी ठेवतात. झिजावयाचे ते तिने झिजावे आणि नळ्या वाचाव्यात, ही युक्ती. तिचा उगम हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगांत आहे. १८२४ साली त्याने आरमारी जहाजांच्या तळाला ठोकलेले तांब्याचे पत्रे अशाच रीतीने वाचविण्याचा उपाय सुचविला, आणि तो पत्र्यांपुरता यशस्वी झाला. परंतु तांबे झिजेनासे झाले तशी तळावर शिंपले व शेवाळ यांची वाढ होऊ लागली. ज्या झिजेचा बंदोबस्त केला तीच झीज आजवर त्या जीवांना दूर ठेवीत होती. जहाजे मंदावली आणि तो उपाय आरमाराला काढून टाकावा लागला. डेव्हीची नामुष्की झाली खरी, पण आम्हाला त्यात त्याचा दोष दिसत नाही. त्याने पाहिले होते, मोजले होते, प्रयोग केला होता. जे त्याला दिसले नाही ते त्या काळी पाहणाऱ्यालाही दिसण्यासारखे नव्हते. अज्ञानाचे हे एक कुळ. दुसरे निराळे आहे, आणि ते त्याच दिवशी जेटीवर आमच्यासमोर उभे राहिले.

पंपात रबरी पात्यांचे एक चक्र असते, त्याला जेटीवर इंपेलर म्हणतात. भाच्याने ते आदल्या दिवशीच नवे बसविले होते आणि तसे अभिमानाने सांगितलेही. मामांनी जुने मागितले. ते कचऱ्यातून शोधून आणावे लागले. मामांनी त्याची पाती एकेक करून मोजली. एका पात्याचा अर्धा भाग तुटलेला होता.

"तो कुडको खंय गेलो?" त्यांनी विचारले.

भाचा म्हणाला, गेला असेल पाण्याबरोबर. काल तासभर इंजिन चालविले, काही त्रास नाही. त्याचे म्हणणे गैर नव्हते. नवा भाग बसला होता, यंत्र चालत होते, काटा जागेवर होता. न्यायालयात हा पुरावा पुरेसा ठरला असता. मामांनी काही उत्तर दिले नाही. नळकांड्याच्या टोकाचे झाकण खोलावयास घेतले. त्याचे बोल्ट गंजलेले, जागा अरुंद, वरून पाऊस. एक बोल्ट तुटला आणि तो ड्रिलने काढण्यात दुपार गेली. आमच्यासारख्या बैठ्या माणसाला तो वेळ अनंत वाटला. शेवटी झाकण निघाले. रबराचा तो नखाएवढा तुकडा दोन नळ्यांच्या तोंडावर आडवा बसलेला होता आणि त्याच्याभोवती गवताचे धागे, शिंपल्यांची भुकटी व चिखल यांचे छोटेसे घरटे झाले होते. मामांनी तो तुकडा इंपेलरच्या तुटक्या कडेला लावून पाहिला. जुळला. मग जेवले.

वाटेतील पुष्कळ नळ्या अजून मोकळ्या होत्या, म्हणून जेटीवर सारे ठीक होते. दर्यावर आठवडाभर राहिल्यावर काय झाले असते, हे खात्रीने कोणीच सांगू शकत नाही. कदाचित काहीच झाले नसते. दक्षतेची ही मोठी अडचण आहे. तिचे फळ म्हणजे काही न घडणे. आणि जे घडले नाही त्याचा दाखला देता येत नाही. भाच्याच्या मनात त्या दिवशी मामांविषयी कृतज्ञतेपेक्षा बुडालेल्या दिवसाची हळहळ अधिक होती, आणि आम्ही त्याला दोष देत नाही. मोसमाच्या आरंभीचा एकेक दिवस म्हणजे कर्जाचा एकेक हप्ता असतो.

आता कायद्याकडे वळू. नौका समुद्रात जाण्यास लायक असावी ही अट जुनी आहे. आपल्या १९६३ च्या सागरी विमा कायद्याच्या ४१ व्या कलमात ती फार नेमक्या शब्दांत आली आहे. विमा एका विशिष्ट प्रवासाचा असेल तर प्रवासाच्या आरंभी नौका लायक आहे अशी हमी, ती कागदावर लिहिलेली नसली तरी, गृहीत धरली जाते. नौका बंदरात असतानाच विमा लागू होत असेल तर तिने बंदरातील नेहमीच्या धोक्यांना पुरे पडले पाहिजे. प्रवास टप्प्याटप्प्याने व्हावयाचा असून प्रत्येक टप्प्याला निराळी तयारी लागत असेल तर प्रत्येक टप्प्याच्या आरंभी त्या टप्प्यापुरती लायकी हवी. लायकी म्हणजे तरी काय? प्रत्येक संकटाला पुरे पडणे असा अर्थ नाही. त्या प्रवासात सामान्यतः जे धोके येतात त्यांना वाजवीपणे तोंड देता येणे, इतकेच. या कलमात एक शहाणपण आहे, ते असे की प्रश्न किनाऱ्यावर विचारला जातो. वादळात नावाड्याने काय केले यापेक्षा दोर सोडण्यापूर्वी नौका कशी होती, हे कायदा आधी विचारतो.

समुद्राच्या नावावर काय खपवावे यालाही मर्यादा आहे. १८८७ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे 'इंचमरी' या आगबोटीचा खटला आला. बोट नांगरावर होती; बाष्पकात पाणी भरण्यासाठी छोटा पंप चालविला; मार्गातील एक व्हॉल्व्ह बंद राहिलेला होता, मग तो कोणाच्या चुकीने राहिला असो वा क्षार साचून. पाण्याला वाट मिळाली नाही आणि पंपाची हवाकोठी फुटली. मालक म्हणाले, हा सागरी धोका. न्यायाधीश म्हणाले, यात सागराने काय केले? हेच जमिनीवरही घडले असते. तेव्हापासून यंत्राच्या अशा अपघातांसाठी विम्यात एक वेगळे कलम घालू लागले आणि त्याला त्या बोटीचेच नाव पडले. त्या कलमाचे संरक्षणही, मालकाने स्वतः वाजवी दक्षता घेतली असेल तरच मिळते.

पण मालकाने स्वतः म्हणजे कोणी? त्याने थोडाच पाना हातात घ्यावयाचा असतो? याचे उत्तर 'मंकास्टर कॅसल' या जहाजाच्या खटल्यात मिळाले. तो १९६१ च्या निकालसंग्रहात छापला आहे. सिडनीहून लंडनला डब्यांतील मांस चालले होते. ते खाऱ्या पाण्याने नासले. शोध घेता असे निघाले की त्याआधी ग्लासगो येथे जहाजाची तपासणी झाली तेव्हा पाण्याच्या व्हॉल्व्हची झाकणे काढली होती. तपासणीनंतर ती परत बसविताना एका फिटरने नट नीट आवळले नाहीत. जहाज समुद्रात हेलकावे खाऊ लागल्यावर ते ढिले झाले आणि पाणी आत शिरले. मालकांनी नामांकित कारखाना निवडला होता, तपासनीस नेमला होता. त्यांच्या वैयक्तिक वर्तनात कोणालाच दोष दाखविता आला नाही. खालच्या दोन्ही न्यायालयांनी त्यांना सोडले. हाउस ऑफ लॉर्ड्सने मात्र धरले. १९२४ मध्ये ब्रुसेल्स येथे ठरलेल्या नियमांनुसार प्रवासापूर्वी वाजवी दक्षता घेण्याचे जे कर्तव्य मालकावर आहे ते त्याचे स्वतःचे आहे. काम दुसऱ्याकडे सोपविता येते, कर्तव्य सोपविता येत नाही, असा त्या निकालाचा आशय. व्यापारी जगात त्यावर पुष्कळ टीका झाली. आम्हालाही विद्यार्थिदशेत तो निकाल अन्यायाचा वाटला होता. एका अनोळखी फिटरचा हात ढिला पडला, त्यात मालकाचे काय चुकले? आज आम्ही त्या निकालाच्या बाजूने आहोत, आणि असे का झाले ते सांगण्यासाठी आता आमचे कारण उघड करणे आवश्यक आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका ट्रॉलरमालकाचे काम आले. (त्याची ओळख पटेल असे काही येथे येणार नाही, तो आमच्या व्यवसायाचा धर्म आहे.) बंदी उठल्यावर नौका निघाली आणि किनाऱ्यापासून दूर असताना इंजिन तापले. इंजिन जवळजवळ निकामी झाले आणि नौका दुसऱ्या ट्रॉलरने ओढून आणावी लागली. विमा कंपनीने भरपाई नाकारली. तिचे म्हणणे, पाण्याची वाट तुंबलेली होती, मालकाने ती साफ केली नव्हती आणि नौका अशा स्थितीत आहे हे त्याला ठाऊक होते. विमा वर्षाचा होता. अशा विम्यात लायकीची हमी गृहीत धरली जात नाही. मात्र मालकाच्या ज्ञानपूर्वक संमतीने नौका नालायक स्थितीत समुद्रात पाठविली असेल तर त्या नालायकीमुळे झालेल्या नुकसानीस विमाकार जबाबदार नसतो. म्हणजे सारा वाद एका शब्दावर आला: ठाऊक होते काय? आम्ही मेकॅनिकचे बिल दाखल केले. त्यावर इंजिनाची कूलिंग व्यवस्था तपासली व साफ केली, असे लिहिलेले होते, खाली सही-शिक्का होता. मालकाने माहीतगार माणसाकडे काम दिले, पैसे मोजले, आणखी त्याने काय करावे, असा आमचा युक्तिवाद होता. तो मान्य झाला. भरपाई मिळाली.

पैसे हाती आल्यावर पक्षकार पेढे घेऊन आला. बोलता बोलता हसत म्हणाला, वकीलबाब, ते बिल मेकॅनिकने टेबलावर बसून लिहिले होते. घाई इतकी होती की जाळीसुद्धा कोणी उघडली नव्हती. आम्ही काय उत्तर दिले ते आठवत नाही. बहुधा हसलो असू.

त्या प्रकरणात एक खलाशी भाजला होता. इंजिन तापले तेव्हा पाण्याची टाकी पाहण्यास त्याला सांगण्यात आले. त्या टाकीचे झाकण दाब धरून ठेवते, त्यामुळे आतील पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल करताच ते सारे एका क्षणात वाफ होऊन उसळते. त्याला हे कोणी शिकविले नव्हते. तो ओडिशाकडचा, विशीतला मुलगा होता. त्याचा उजवा हात आणि मानेची एक बाजू पोळली. आमच्या प्रकरणात तो साक्षीदार होता, पक्षकार नव्हता. वादाचा विषय इंजिन होते.

आता साखळीकडे परत येऊ. मालकाला जाळी तुंबली आहे हे ठाऊक होते, असे म्हणता येत नाही. त्या अर्थाने आमच्या युक्तिवादातील प्रत्येक वाक्य खरे होते. परंतु त्याला हे ठाऊक होते की जाळी उघडलेली नाही, आणि हेही ठाऊक होते की उघडली तर बहुधा काही दिसेल, मग नौका वर ओढावी लागेल, दोन दिवस जातील. न पाहणे हा अपघात नव्हता, तो निर्णय होता. १९७६ साली 'युरिस्थेनिस' या जहाजाच्या प्रकरणात इंग्लंडच्या अपील न्यायालयाने ही चलाखी ओळखली. जाणूनबुजून डोळेझाक करणाऱ्याला ठाऊकच होते असे समजावे, असे मत तेथे मांडले गेले. इंग्रज कायदेपंडितांना या ठिकाणी नेल्सनची आठवण होते. १८०१ मध्ये कोपनहेगनच्या लढाईत वरिष्ठांची माघारीची निशाणी पाहावयाची नव्हती म्हणून त्याने दुर्बीण आपल्या अंध डोळ्याला लावली, अशी कथा आहे. आम्हा मराठी माणसांना इतके दूर जाण्याचे कारण नाही. 'काणाडोळा' हा शब्द आपल्याकडे अशिक्षित माणसाच्याही तोंडी आहे. दृष्टी असून एका डोळ्याने काणे होणे. त्यात पाहणे आणि न पाहणे दोन्ही एकाच वेळी आहेत. म्हणूनच तो शब्द निव्वळ अज्ञानाला कोणी लावीत नाही.

आमच्या गावात २०२२ साली अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे केंद्र सुरू झाले. तेव्हापासून आम्ही चरकसंहिता अधूनमधून चाळतो. तीत रोगांच्या कारणांत 'प्रज्ञापराध' असे एक कारण सांगितले आहे. धी, धृती आणि स्मृती या तिन्हींपैकी काही ढळल्यामुळे मनुष्य जे अनुचित कर्म करतो तो प्रज्ञापराध. आम्हाला यातील तीन शब्दांचे महत्त्व फार वाटते. समजुतीचा अभाव हा त्यांपैकी एक झाला. परंतु समजत असून टिकून न राहणे, आणि समजलेले ऐन वेळी न आठवणे, हेही चरकाने अपराधातच घातले. भाच्याच्या नौकेवर बोल्ट तुटला तेव्हा झाकण तसेच सोडून देण्याचा मोह आम्हालाच झाला होता. ज्ञान सर्वांपाशी सारखेच होते. कमी-अधिक होती ती धृती.

येथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. सर्वांनी सर्व पाहावयाचे म्हटले तर जग चालणार नाही. आम्ही बसमध्ये बसतो तेव्हा ब्रेक तपासत नाही. शस्त्रक्रियेस जातो तेव्हा चाकू उकळला की नाही हे विचारीत नाही. विश्वासाने काम वाटून घेणे हाच तर समाज. मग ट्रॉलरमालकाने बिलावर विश्वास ठेवला तर बिघडले कोठे? आमच्या मते फरक अधिकाराचा आहे. प्रवाशाला बस थांबविण्याचा अधिकार नसतो. मालकाला नौका थांबविण्याचा असतो. ज्याच्या एका शब्दाने दोर सुटतो त्याच्यावर पाहण्याचे ओझे असावे, आणि ते त्याने कोणाच्याही सही-शिक्क्याखाली सरकवू नये. ओडिशाच्या त्या मुलाला नौका थांबविता आली नसती, इतकेच काय, झाकण उघडणार नाही असेही म्हणता आले नसते. ग्लासगोच्या फिटरची चूक मालकाच्या माथी मारणारा निकाल आम्हाला आता न्याय्य वाटतो तो यासाठी. मालक दोषी होता असे तो म्हणत नाही. आपल्या वतीने कोण काय करतो याची पर्वा मालकाने केली पाहिजे, एवढे म्हणतो.

ज्यांना स्वतःच त्या नौकेतून जावयाचे असते त्यांना हा प्रश्न पडत नाही. आमच्याच मांडवीतील दिवाडी बेटावर बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी कोठेही न थांबता तीच प्रदक्षिणा करून आले. तेथेच बांधलेली 'तारिणी' १० सप्टेंबर २०१७ रोजी नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन गोव्याहून निघाली. सुमारे २१,६०० सागरी मैल तोडून ती २१ मे २०१८ रोजी परतली. शिडाच्या अशा नौकेलाही इंजिन असते, बंदरात शिरण्यानिघण्यासाठी आणि विद्युतघट भरण्यासाठी. दक्षिण महासागरात मेकॅनिक मिळत नाही. ज्याने न पाहिलेले त्यालाच भोगावे लागते तेथे काणाडोळा कोणाशी करणार? तरीही परतीच्या वाटेवर सुकाणूत बिघाड होऊन तारिणीला मॉरिशसला थांबावे लागलेच. इतक्या तयारीनंतरही समुद्र आपला वाटा मागतो, आणि असा बिघाड व न उघडलेली जाळी या दोहोंना आम्ही एका पंक्तीत बसवू शकत नाही.

आम्ही मात्र कधी त्या नौकेत नसतो. वकील किनाऱ्यावर बसतो. त्या प्रकरणात आमच्या हाती एक प्रश्न होता: जाळी कोणी उघडली? तो आम्ही पक्षकाराला विचारला नाही. आमच्या व्यवसायात काही प्रश्न न विचारण्याचे वळण लागते. उत्तर ऐकले की मग ते विसरून युक्तिवाद करणे कठीण होते. आम्ही बिल पाहिले, शिक्का पाहिला आणि पुढे गेलो. त्या मेकॅनिकने नौकेविषयी जे केले तेच आम्ही प्रकरणाविषयी केले. कायद्याने आमच्यावर कोणताही ठपका येत नाही, हे आम्ही तपासून पाहिले आहे.

संध्याकाळी मामांनी नळकांड्याला नवे गॅस्केट घालून झाकण बसविले आणि एक बोल्ट थोडा, मग समोरचा थोडा, असे फिरून फिरून सारे आवळले. इंजिन सुरू केले. बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली ते बराच वेळ हात धरून उभे राहिले. मग व्हॉल्व्ह बंद करून इंजिनाची किल्ली त्यांनी त्याच्याच दांड्याला अडकविली, म्हणजे व्हॉल्व्ह उघडावयास वाकल्याशिवाय कोणाला किल्ली मिळू नये. नौका दुसऱ्या दिवशी वर ओढण्याचे ठरले.

शिवोलीवरून परत येताना आम्ही त्यांना ते सारे प्रकरण सांगितले, नावे वगळून. बिलाचे, पेढ्यांचे, आमच्या हसण्याचे. मामा खिडकीतून बाहेर पाहत होते. कोलवाळचा पूल आला तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "त्या भुरग्याचो हात बरो जालो?"

आम्हाला ठाऊक नव्हते. घरी येऊन आम्ही ती जुनी फाइल काढली. त्या मुलाची जबानी तीत आहे, दोन पाने. खाली डाव्या हाताचा अंगठा आहे. पत्त्याच्या जागी नौकेचे नाव लिहिलेले आहे.